परत मागितलेला वाटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

"दुखत नाही गं वेडे, नुसती काळी पडलीय." मी दुसरीत होते तेव्हा धाकटी काकू मला असं म्हणाली होती, करंगळीजवळची पुळी दाखवत. त्याच आठवड्यात ती गेली. गाय आजारी पडली होती. मरायच्या आत तिच्या मानेवरून सुरी फिरवली, मांस वाया जाऊ नये म्हणून. काकूनं आतडी धुतली. काळपुळी, जनावरातून माणसात येणारी! मग पांढऱ्या कपड्यातली माणसं, चुना, अंगणात जाळलेल्या लोकरीच्या गाद्या. मला अजून त्या लोकरीचा जळका वास येतो.

आज धाकटा भाऊ तिलेक चहाला आला, बाही वर केली आणि जवळजवळ तेच म्हणाला. "दुखत नाही, एजे. अशी बघू नकोस." मी थोरली, म्हणून एजे म्हणतो.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. वाटाण्याएवढी. मध्ये काळसर, भोवती लाल कडं, कडेला पाणी भरलेलं.

मी हसले. हसले! "मलम लाव," म्हणाले आणि त्याच्या वाडग्यात आणखी चहा ओतला.

तो गेल्यावर सगळं पुन्हा आठवून पाहिलं. लाइटनर, तो ऑस्ट्रियाचा म्हातारा शिकारी, तिलेक त्याचा वाटाड्या, शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस. आठवडाभर एकही अर्खार, मोठ्या शिंगांचा रानमेंढा, मिळाला नव्हता. आणि मग दरीच्या तोंडाशीच एक एकटा उभा. पळाला नाही. तिलेकनं शनिवारी किती रंगवून सांगितलं होतं! "एजे, जणू तो फोटो काढून घ्यायलाच थांबला होता. म्हाताऱ्याचे हात कापत होते, गोळी मांडीत गेली. मीच धावलो." धावला ते सुरी घेऊन. जीव जायच्या आत बिस्मिल्ला म्हणून गळा कापायला, नाहीतर मांस हराम. हात कोपरापर्यंत रक्तात. अंगठ्यावर आधीचीच चीर होती, तंबूचा खुंटा ठोकताना झालेली.

अर्खार असा थांबत नाही. निरोगी अर्खार माणसाला इतकं जवळ येऊ देत नाही. हे तिलेकला माहीत नाही? त्याला माहीत आहे. पण शेवटचा दिवस होता.

लाइटनरनं जुनिपरच्या झुडपाची काडी रक्तात बुडवून टोपीत खोवली. त्यांच्याकडची रीत म्हणे. ती टोपी घालूनच रविवारी विमानात बसला. शिंगं, कवटी आणि मान-खांद्याचं कातडं साफ करून मिठात घालायला माझ्याकडे, तेच माझं काम. कागद व्हायला तीनेक महिने लागतात, मग खोका, मग विमान, मग तिकडचा कारागीर त्यात पेंढा भरणार.

मी शनिवारी तेच कातडं घेऊन बसले होते. कान उलटे केले, पापण्या सोडवल्या, ओठ चिरून आतून पातळ केले. ओठांवर खपल्या होत्या. जाड, काळपट. मला त्याचा रागच आला होता. म्हटलं, भिंतीवर लावल्यावर हे किती वाईट दिसेल, लाइटनर कुरकुर करणार. दुसरं काही सुचलंच नाही!

ओठ आणि पापण्या करताना मी हातमोजे काढते. बोटांना कळावं लागतं, चामडी किती पातळ झाली ते.


१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून हात धुतेय. आरशासमोर मान, कानामागे, कोपरांच्या आत. काही नाही. तरी धुतेय.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

तिलेक माझ्या शेडकडे आला. मी आत जाऊ देत नव्हते, दाराशीच थांबवलं. तिथे ते कातडं मिठाखाली घडी घालून पडलंय. मिठानं काळपुळीचं विष मरत नाही, काकूच्या वेळी पांढऱ्या कपड्यातला माणूस वडिलांना सांगत होता. मिठानं नाही, थंडीनं नाही, वर्षं गेली तरी नाही.

पुळी आता नाण्याएवढी. मनगट सुजलंय.

"डॉक्टरकडे चल."

"आणि काय सांगू? मुंगी चावली?"

"खरं सांग."

"खरं काय ते तुला कुठं माहीत आहे?" मग आवाज खाली आणून, "एजे, तू डोक्यात काय घेतलंयस ते मला कळतं. तो शब्द तोंडातून काढू नकोस. एकदा तो शब्द निघाला की दरी बंद, डोंगर बंद, माझा परवाना गेला. सोमवारी स्पेनची माणसं येतायत. सीझन संपू दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरसमोर उभा राहतो."

"दुखतं का?"

"नाही म्हटलं ना! अजिबात नाही."

हेच तर! काळपुळी दुखत नाही. दुखलं असतं तर मी आज झोपले असते. काळपुळीच्या जनावराचं रक्त काळं असतं, गोठत नाही. विचारलं, "रक्त कसं होतं? गोठत होतं का?"

"मी काय तिथे बघत बसलो होतो? म्हातारा फोटो काढ, फोटो काढ करत होता."

"काळं होतं?"

"संध्याकाळ होती, एजे. सगळंच काळं होतं."

मग त्यानं हात पुढे केला, डावा. "वचन दे. कुणाला सांगणार नाहीस." मी दिलं. काय करू? आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. मी त्याला पाठीला बांधून शाळेत न्यायची. मास्तर म्हणायचे, बुरुल, वर्गात दोन विद्यार्थी आणि पटावर नाव एकच! अजून तो काही मागायला लागला की माझ्या खांद्यांना त्याचं वजन जाणवतं.

तो निघाला आणि मला मांस आठवलं. पळत फाटकापर्यंत गेले. "मांस कुठंय?"

"थोडं आम्ही खाल्लं. बाकी सागिन-अकेंना दिलं. पुलावर बसले होते. गाडी बघितली, लांबूनच ओरडले, शिराल्गा!" हसला. "मग काय करणार? मागचे दोन्ही पाय आणि काळीज उतरवून दिलं. फार खूश झाले. रविवारी त्यांच्या नातवाला पाळण्यात घालतायत, तेव्हा शिजवणार म्हणाले. सगळ्या गल्लीला बोलावलंय. तुलाही."

सागिन-अके आमच्या गल्लीतले वडीलधारे. आणि शिकार घेऊन येणाऱ्याला कुणी शिराल्गा म्हटलं की वाटा द्यायचाच. एकदा दिला की तो त्यांचा.

रविवार. सगळी गल्ली.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वेनेराकडे गेले. जनावरांची डॉक्टर, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची. लाइटनरच्या कातड्याचा दाखला घ्यायचा होता, नेहमीसारखाच. मनात ठरवलं होतं, तिनं "कातडं दाखव" म्हटलं की सगळं सांगायचं. म्हणजे वचन मी मोडलं नाही, तिनं विचारलं.

तिनं मान वर न करता शिक्का मारला.

"ओठ नाही बघायचे?" मी म्हणाले.

"बुरुल, तुझ्या कातड्यांवर माझा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. ती निदान मिठात घातल्यावर गप्प पडून राहतात." आणि स्वतःच्याच विनोदावर केवढी हसली! मला बिस्कीट दिलं. सुनेबद्दल तक्रार केली. मी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, निघाले.

बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. दाखला पिशवीत. रोगमुक्त.

नवऱ्याला, दामिरला, फोन लावला. तो रशियात टॅक्सी चालवतो, गाडीत गिऱ्हाईक असलं की नीट बोलत नाही. "काय झालं?" "काही नाही." "मग?" "काही नाही, जेवलास का?" हेच बोललो.

नवऱ्याला सांगू शकत नाही, मैत्रिणीला सांगू शकत नाही. इथे लिहिते, तेही पाटीखाली दाबून ठेवल्यासारखं.


१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी अयपेरीचा फोन. तिलेकची बायको कधी रडत नाही, भांडते. आज रडत होती. "एजे, ताप चढलाय. काखेत गाठ आलीय. लाल रेघ वर दंडापर्यंत गेलीय. मला हात लावू देत नाही. मरेन पण दवाखान्यात जाणार नाही म्हणतो. तुम्हाला काय वचन दिलंय म्हणे?"

त्यानं नाही, मी दिलंय! हेही तिला सांगता आलं नाही.

मी आधी सागिन-अकेंकडे गेले. अजूनही मला वाटत होतं की दोन्ही जमेल. मांस काढून घेईन, काहीतरी कारण सांगेन, तिलेकचं नाव येणार नाही. चालताना कारणं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

अके अंगणात मोठी कढई घासत होते. मला बघून उठले.

"ये, ये, बुरुल! उद्यापर्यंत धीर निघेना का?"

"अके, ते मांस..."

"टांगलंय मागच्या खोलीत. असा वास सुटलाय की मांजरानं त्या दाराशीच संसार मांडलाय."

"मला ते परत हवंय."

त्यांना वाटलं चेष्टा. "पाहुणे आले का तुझ्याकडे? अगं मग सांगायचं की! ने एक पाय."

"सगळं. काळीजसुद्धा."

कढई खाली ठेवली त्यांनी. हळूच ठेवली, तरी आवाज झाला. "मुली, माझ्या आजोबांनी शिकार केली, बापानं केली. दिलेली शिराल्गा कुणी परत मागितल्याचं मी आजवर ऐकलं नाही. असं झालं की शिकाऱ्याची बंदूक बांधली जाते. डोंगर त्याला पुन्हा काही देत नाही. तुला तुझ्या भावाची बंदूक बांधायचीय?"

"अके, मेंढा आजारी होता."

"कोण म्हणतं?"

"मी."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग?"

तेवढ्यात त्यांची सून बाहेर आली. बाळ छातीशी, डोक्यावरून शाल. "परवा थोडं काळीज परतलं होतं आम्ही," म्हणाली, साधेपणानं. "मीच मागितलं. दूध येतं म्हणतात."

त्या बाळाच्या टाळूवर जावळ हलत होतं. मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. काळपुळी! तिलेकच्या हातावर आलीय. काकूच्या हातावर आली होती तशी.

सुनेनं बाळाला शालीत ओढून घेतलं, जणू मीच ते तोंडातून त्याच्यावर सांडलं होतं.

अके आत गेले. पोत्यात बांधून मांस आणलं. मी हात पुढे केले. त्यांनी दिलं नाही. उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं.

"हातात देणार नाही. हातात दिलं तर मी दिलं असं होईल. तूच उचल."

मी उचललं. गल्लीतून पोतं घेऊन चालले. खिडक्यांचे पडदे हलत होते. कुणाची तरी मुलगी ओरडली, "बुरुल-आपा, उद्या येणार ना?" तिच्या आईनं तिला आत घेतलं.

घरी आले, वेनेराला फोन केला. सगळं सांगितलं, ओठांवरच्या खपल्यांसकट. ती म्हणाली, "काल तू माझ्यासमोर बसून बिस्कीट खाल्लंस, बुरुल."


१९ ऑक्टोबर, रविवार

आले. तीच पांढऱ्या कपड्यातली माणसं. इतक्या वर्षांत कापडसुद्धा बदललं नाही!

तिलेकला घेऊन गेले तेव्हा मी फाटकाशी होते. गाडीत चढताना त्यानं अयपेरीकडे बघितलं, घराकडे बघितलं, कुत्र्याकडेसुद्धा बघितलं. माझ्याकडे नाही.

मग माझी शेड. आधी नमुने कापून बाटल्यांत घातले, राजधानीला जाणार. मग कातडं, मीठ, पोत्यातलं मांस, माझं टेबल, रंधे, सुऱ्यांच्या मुठी, सगळं खड्ड्यात घालून पेटवलं, शेवटी शेडही. शिंगं जळायला फार वेळ लागतो. केस जळाल्यासारखा वास. शिंगांच्या टोकांना आधी निळी ज्योत आली, मग ती तडकली. एवढा देखणा जीव! डोळ्यांभोवतीची कड मी इतकी बारीक सोडवली होती, कुठे एक टाका लागला नसता.

गल्लीतल्या सगळ्यांना गोळ्या वाटल्या. मलाही. अकेंच्या सुनेला आणि बाळाला गाडीतून तपासायला नेलं. पाळण्याचा समारंभ झाला नाही. अंगणात कढई तशीच पालथी.

दरी बंद. शिकार बंद. उद्या येणाऱ्या स्पेनच्या माणसांना विमानतळावरूनच दुसऱ्या वाटाड्याकडे वळवणार म्हणे.


२० ऑक्टोबर, सोमवार

ताप उतरला नाही. आत सोडत नाहीत.


२२ ऑक्टोबर, बुधवार

लाइटनरचा फोन आला. त्याला मीच निरोप पाठवला होता, भाषांतर करणाऱ्या मुलीकडून. आज तीच मध्ये बोलत होती.

सांगितलं, तुमची शिंगं जाळावी लागली. आणि तुम्ही लगेच डॉक्टरकडे जा, हात दाखवा.

तो हसला म्हणे. मुलीनं चाचरत सांगितलं, "ते म्हणतायत, असं आपल्याबाबतीत एकदा झालंय, दुसऱ्या देशात. शिंगं चोरीला गेली म्हणून सांगितलं आणि ती पुढं एका हॉटेलच्या भिंतीवर दिसली. विचारतायत की तुम्ही कोणत्या भिंतीला विकलीत."

मी म्हणाले, "टोपीतली काडी जाळायला सांग. हात लावू नका म्हणावं. चिमट्यानं धरा."

यावर तो हसला नाही. मग फोन ठेवला. घाबरला असावा. मला बरं वाटलं! कुणीतरी माझ्याइतकं घाबरलं, एवढ्यानंच बरं वाटलं. मी कशी होत चाललेय?


२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज खिडकीतून भेटू दिलं. तळमजल्याची खोली, जाड काच. आत तिलेक, बाहेर मी, दोघांच्या कानाला फोन. हात पांढऱ्या पट्टीत, बोटं तेवढी दिसत होती. ताप उतरलाय. चेहरा निम्मा झालाय, दाढी वाढलीय, अगदी वडिलांसारखा दिसतो.

मी सूप आणलं होतं. "नर्स घेईल आत," म्हणाले.

"घेईल."

"अयपेरी येऊन गेली?"

"रोज येते."

मग मीच म्हणाले, "वचन मोडलं. माहीत आहे. तू मेला असतास, तिलेक."

"वचनाचं सोड." काचेला कपाळ टेकवलं त्यानं. "कातडं जाळलंस, चालेल. परवाना गेला, बघू. पण शिराल्गा परत मागितलीस, एजे! आधी वेनेराकडे जायचंस. ती माणसं येऊन ओढून घेऊन गेली असती, तर ते सरकारनं नेलं असं झालं असतं. तू गेलीस. माझी बहीण गेली आणि माझ्या हातचं दिलेलं उचलून घेऊन आली. आता मला डोंगरात कोण सोबत घेईल? घोडा तरी कोण देईल?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं. मी वचन वाचवायला गेले होते, ते तर मोडलंच, आणि दुसरंही काही मोडून आले.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दुखतं का अजून?"

"दुखतं का!" तो हसला, कडवट. "पहिल्या दिवसापासून मरणाचं दुखतंय. रात्री उशी चावून झोपायचो."

"तू तर नाही म्हणायचास!"

"मग काय सांगणार तुला? मला साधा खोकला झाला तरी तू काकूची गोष्ट सुरू करतेस."

फोन कानालाच होता, पण पुढचं काही ऐकू आलं नाही. दुखतंय. पहिल्या दिवसापासून दुखतंय. काळपुळी दुखत नाही.


२५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस एकच विचार. नसेल तर?

नसेल तर तिलेक जगला. मला आणखी काय हवं? रोज पाचही वेळा तेवढंच मागतेय. पण आज नमाजाला बसले आणि हात उचलल्यावर काय मागावं तेच कळेना. कारण आत, खाली कुठेतरी, कुणीतरी म्हणत होतं, असू दे, तीच असू दे. त्याला बरं वाटतंयच, मग निदान ती असू दे, म्हणजे मी खरी ठरेन. म्हणजे अकेंच्या उंबऱ्यावरून मी पोतं उचललं ते गल्लीला वाचवायला उचललं.

हे मी लिहिलं! माझ्या भावाच्या अंगात विष असावं असं मला वाटलं. पाठीला बांधून वाढवलेल्या भावाच्या.

हात जमिनीवर टेकून तशीच बसून राहिले. काही न मागता उठले. आता मला काळपुळीची भीती वाटत नाही, माझीच वाटते.

शेडच्या जागी काळा चौकोन आणि चुना. कोंबड्या तिकडे जात नाहीत.


२७ ऑक्टोबर, सोमवार

अयपेरी आली. फाटकातूनच बोलली. अकेंची सून आणि बाळ घरी आलेत, ठणठणीत आहेत. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली, "बाजारात काय चाललंय ऐकलंत? पलीकडच्या दरीतले शिकारी काल रानबकरा घेऊन आले. पुलावर सागिन-अके होते, त्यांना शिराल्गा म्हणाले, वाटा घेतला. कुणीतरी विचारलं, तिलेक बरा होऊन आला तर? अके म्हणाले, मी नदीकडे तोंड करून बसेन, वाटा मागणार नाही."

"असं म्हणाले?"

"सगळ्यांसमोर." थांबली जराशी. अयपेरी वाईट नाही, तिला मला दुखवायचं नव्हतं, पण तिलाही कुठेतरी ठेवायचं होतं ते. "एजे, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मीही सांगितलं असतं. पण मी मांस आणायला गेले नसते."

बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, ठेवून गेली. अजून गरम होते. एकही खाल्ला नाही.


२९ ऑक्टोबर, बुधवार

वेनेराचा फोन. काळपुळी नाही. पुळीत नाही, कातड्यात नाही, मांसातही नाही. मेंढ्यांच्या तोंडाला येतो तो साधा रोग. ओठांवर खपल्या येतात, हात लागलेल्या माणसाला फोड येतो, दुखतो, आपोआप जातो. ताप चीर पिकल्यामुळे आला होता. "कितीतरी मेंढपाळांना होतो गं," म्हणाली. "पण तू सांगितलंस ते बरंच केलंस." ती शेवटचं वाक्य कागदावरून वाचल्यासारखं बोलली.

तिलेक उद्या घरी येईल. तो जगणार आहे. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

खूप रडले. मग तोंड धुतलं आणि इथे बसले. पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा बोलेन, हे नक्की. पण त्या मांसात काहीच नव्हतं. चांगलं मांस होतं. मनापासून दिलेलं, मनापासून घेतलेलं.

सकाळी सागिन-अकेंकडे जाणार आहे. उंबऱ्याबाहेरच उभी राहीन. ते नाही म्हणतील, तोंड फिरवतील, माहीत आहे मला. तरी म्हणणार आहे: अके, बंदी उठली की तिलेक डोंगरातून उतरेल. तेव्हा पुलावर या. आणि लांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याला एकदा शिराल्गा म्हणा.